गोंदियातून दिसणारी बोट

फुलचूर, ७ जुलै २०२४

संघदीप,

दीड वर्षानं लिहिते आहे. पत्र कधी मिळेल, मिळेल की नाही, हे तुमच्या बोटीच्या एजंटलाही सांगता आलं नाही. त्याच्या ऑफिसात मी फोन केला होता. "चिठ्ठी भेज दो मॅडम, बोट जब पोर्ट में लगेगी तब दे देंगे," म्हणाला. कधी लागेल विचारलं तर नुसता हसला.

बाबा बरे आहेत. दरेकसा सोडून माझ्याकडे यायला तयार नाहीत. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी सकाळी उठून रुळाच्या कडेनं बोगद्यापर्यंत जातात. कुठं रूळ धरून ठेवणारी चावी ढिली दिसली की नव्या गँगमनला हाक मारून दाखवतात. गुडघे दुखतात, पण विचारलं की म्हणतात, "मले काय झालं? काई नाई."

मी शिकवणी वर्ग सोडले. फुलचूरला एक खोली घेतली आहे आणि बालाघाट रोडवरच्या एका ऑफिसात लागले आहे. कॉम्प्युटरचं काम आहे. दिवसभर पाहून पाहून डोळे चुरचुरतात, बाकी त्रास नाही.

तू कसा आहेस? डाव्या अंगठ्याची जखम भरली का? दोर ओढताना हातमोजा काढत जाऊ नको. आणि ती दाढी काढून टाक, तुला शोभत नाही. (तुझा अंगठा लहानपणापासून सोललेलाच असतो, म्हणून विचारलं.)

आईबद्दल मी काही लिहीत नाही. तूही लिहू नको.

रीनाताई

फुलचूर, २८ जुलै २०२४

संघदीप,

मागच्या पत्रात मी तुला फसवलं. अंगठ्याचं आणि दाढीचं मला आठवणीनं सुचलं नव्हतं. मी ते पाहिलं आहे. मी तुला रोज पाहते.

नीट सांगते. आमच्या ऑफिसात आधी दवाखान्यांची बिलं तपासायचं काम चालायचं. मागच्या वर्षी त्यांनी नवं काम घेतलं. परदेशात जे लोक डब्यातला ट्यूना विकत घेतात, त्यांना डब्यावर शिक्का हवा असतो, की हा मासा नियमानं धरलेला आहे, धरताना समुद्राची नासाडी केलेली नाही. तो शिक्का हवा असेल तर मालकाला बोटीवर कॅमेरे लावावे लागतात. चार-चार महिन्यांच्या डिस्क एका पेटीत भरून येतात आणि आम्ही बारा जण त्या पाहतो. पाण्यातून गळ वर आला की त्याला काय लागलं ते लिहायचं. पिवळ्या पराचा ट्यूना, मोठ्या डोळ्यांचा ट्यूना, शार्क, कासव, पक्षी. जिवंत की मेलेला. ठेवला की सोडला. एका दोराला तीन हजार गळ. माझी प्राणिशास्त्राची बी.एस्सी. शेवटी इथं कामी आली.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "समुद्रातले मासे मोजायले गोंदियाचा मानूस कायले लागते? तिथं कोणी नाई का?"

मी म्हटलं, "बोटीवरचा माणूस असला तर मालक त्याले दाबते बाबा. आमाले इथं कोण दाबन?"

आता खरी गोष्ट. तू गेलास तेव्हा वारस म्हणून बाबांची सही घेतली होती, त्या कागदावर तुझ्या बोटीचा नंबर होता. जहाजावर फिटरची नोकरी आहे असं सांगून त्या विशाखापट्टणमच्या माणसानं तुला नेलं आणि मासे मारायच्या बोटीवर चढवलं, हे आम्हाला पुढं त्याच कागदावरून कळलं. बोट नंबर एकतीस. मुलाखतीला गेले तेव्हा आमचे टीम लीडर ओमेश बिसेन यांच्या टेबलावर बोटींची यादी होती आणि त्यात एकतीस होती. नोकरीच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'या बोटींपैकी कोणत्याही बोटीवर तुमचा नातेवाईक काम करतो का?' मी 'नाही' वर खूण केली. मग ओमेश सरांना म्हटलं, मला एकतीस द्या, तिची चित्रं स्वच्छ दिसतात.

मी पाहते ते सगळं तीन-चार महिन्यांपूर्वीचं असतं. काल मी तुझा २ एप्रिल पाहिला. आवाज येत नाही. तुझ्या पिवळ्या रेनकोटच्या पाठीवर १४ लिहिलेलं आहे. तू बारीक झाला आहेस.

त्या दिवशी गळाला कासव आलं. तू ते दोरीनं खेचून वर घेतलं नाहीस, जाळीची झोळी खाली सोडलीस. डेकवर घेतल्यावर त्याच्या डोक्यावर ओलं पोतं टाकलंस, चिमट्यानं गळ काढलास आणि दोन्ही हातांनी धरून हळूच पाण्यात सोडलंस. नियमात अगदी असंच लिहिलं आहे. मी 'कासव, जिवंत, सोडलं' असं लिहिलं आणि उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. आईनं पाहायला हवं होतं.

रीनाताई

फुलचूर, १८ ऑगस्ट २०२४

संघदीप,

तू हे काऊन करून राहिला?

१९ मेपासून बघते आहे. दोर अर्धा वर आला की तू शिडीवर चढतोस. कॅमेऱ्याची काच पुसायचं काम तुझंच आहे, त्यामुळं आधी मला वाटलं पुसतो आहेस. तुझा चेहरा पडदाभर होतो. डोळ्याखालची काळी वर्तुळं दिसतात. मग तुझा हात येतो आणि ओला हातमोजा काचेवर बसतो. चाळीस मिनिटं नुसता काळोख. मग पुन्हा तुझाच हात येतो आणि मोजा काढून नेतो.

आमच्या नोंदीत रकाना आहे, 'काच झाकली, कारण'. पाणी, मीठ, बिघाड, माणसाने झाकली. शेवटचं निवडलं की पुढचा चौकोन उघडतो आणि त्या माणसाचा नंबर विचारतो. मी 'पाणी' निवडलं. सहा दिवस, सहा वेळा.

मला माहीत आहे हे तुझ्या मनानं नाही. शिडीच्या खाली लाल टोपीवाला उभा असतो. तो कोण, तुमचा मुकादम की कप्तानाचा माणूस, मला ठाऊक नाही. मी सगळ्यांना कपड्यांवरूनच ओळखते. तो बोट वर करून दाखवतो आणि तू चढतोस. पण आमच्या रकान्यात बोट दाखवणाऱ्याला जागा नाही. मोजा कोणाच्या हातात होता, तेवढंच विचारतात.

परवा ओमेश सर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "रीना मॅडम, बाकी बोटें भी तो उसी समंदर में हैं. एकतीस मध्येच इतकं पाणी कायले उडून रायलं?"

मी म्हटलं, "कॅमेरा खाली लावला आहे सर."

"हां, हो सकता है," म्हणाले आणि गेले. माणूस चांगला आहे. माझ्यावर विश्वास ठेवतो, हेच अवघड झालं आहे.

तुझ्यासाठी आले होते इथं. माशांशी मला काय घेणंदेणं, असं वाटायचं. पण चार महिने मोजून मोजून आता कळायला लागलं आहे. पिवळ्या पराचा मासा मागच्या डिस्कमध्ये यायचा त्याहून आता लहान येतो. अंडी घालायच्या वयाला पोचायच्या आत गळाला लागतो. हे कोणाला सांगितलं तर समुद्र एवढा मोठा आहे, असं म्हणतील. मोठा आहे, पण त्याला पाहणारे आम्ही बारा जण आहोत, आणि त्यातली एक मी. मी 'पाणी' लिहिलं की त्या चाळीस मिनिटांत तिथं काही घडलंच नाही.

काय झाकतोस ते मला सांग. नको, सांगू नको. तू सांगशील तेव्हा ते होऊन वर्ष झालेलं असेल.

रीनाताई

दरेकसा, १५ सप्टेंबर २०२४

संघदीप,

हे बाबांच्या घरातून लिहिते आहे. फुलचूरला लिहायला बसले होते, जमलं नाही.

शिक्क्याच्या प्रमाणपत्राची मुदत वाढवायची म्हणून एकतीसच्या जुन्या डिस्कही तपासायला आल्या. मी तारीख शोधली नव्हती, ती ओळीनंच आली. २१ नोव्हेंबर २०२२. आई १९ ला गेली. मी त्याच दिवशी एजंटला फोन करून निरोप दिला होता.

सकाळची वेळ. तू दोरापाशी आहेस. पांढऱ्या शर्टातला एक माणूस वरून उतरतो, तुझ्या कानाशी बोलतो. तू हसतोस. ऐकू आलं नसेल. तो पुन्हा बोलतो. मग तू गळाला लावायच्या चाऱ्याच्या खोक्यावर बसतोस.

थोड्या वेळानं तू उठून त्याच्यासमोर हात जोडतोस, उजवीकडं दाखवतोस. तिकडं जमीन असेल. तो मान हलवतो आणि वर निघून जातो. तू पुन्हा बसतोस. एक उंच माणूस तुझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो. तेवढ्यात लाल टोपीवाला येतो. तू उठतोस, मोजे घालतोस आणि दोर धरतोस. संध्याकाळपर्यंत तू दोर धरून होतास. मध्ये एकदा बाहीनं तोंड पुसलंस.

तू बसला होतास ती चार मिनिटं. त्या वेळात पाच मासे वर आले. मी ते लिहिले. मला लिहावेच लागतात.

जानेवारीत तू बंदरावरून फोन केलास तेव्हा मी काय म्हटलं ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "आता येऊ नको. जलदान झालं, पुण्यानुमोदन झालं, आता कोणासाठी येतो? आई तुया नावानं डोळे लावून गेली आन् तुले सुटी नाई भेटली." तू काहीच बोलला नाहीस. मी त्याचा अर्थ असा घेतला की तुला काही वाटत नाही.

सुटी! तिथं उतरायला जमीनच नाही, हे मला आता दिसतं. ट्यूना दुसऱ्या जहाजावर चढवतात, डिझेल दुसरं जहाज आणून देतं, चारा दुसरं जहाज आणतं. तू तेव्हा नऊ महिने पायानं माती शिवली नव्हतीस.

बाबांना मी आज सांगितलं. ते अंगणात सुपारी कातरत होते. कातरणं थांबवलं. मग म्हणाले, "मंग तो रडला का?"

मी म्हटलं, "दिसलं नाही बाबा. पाठमोरा होता."

"रडला असन," म्हणाले.

माझं चुकलं, संघदीप. एवढंच लिहायला मी दरेकश्याला आले.

रीनाताई

फुलचूर, ६ ऑक्टोबर २०२४

संघदीप,

हे पत्र तू वाचशील तेव्हा तू आहेस असं मी धरून चालते.

आम्ही पुन्हा यंदाच्या डिस्कवर आलो आहोत. २५ ते २९ मे वादळ होतं, दोर टाकलेच नाहीत. ३० मेला दोर वर यायला लागला. लाल टोपीवाल्यानं बोट दाखवलं. तू शिडीवर चढलास, काच पुसलीस आणि खाली उतरलास. मोजा तुझ्या हातातच राहिला. त्यानं पुन्हा दाखवलं. तू मान हलवलीस.

म्हणून मला पहिल्यांदा दिसलं, त्या चाळीस मिनिटांत काय होतं ते. शार्क वर घेतात. सुरीनं चारही पर कापतात आणि धड पाण्यात ढकलतात. त्यातली काही धडं हलत होती. पर न कापता शार्क अखंडच बंदरात न्यायचा, असा नियम आहे, म्हणजे कोणाला लपवून मारता येऊ नयेत. मी एकवीस मोजले. मग गळाला कासव आलं. लाल टोपीवाला सुरी घेऊन पुढं झाला, गळ वाचवायला. तू मध्ये आलास. त्यानं तुला ढकललं, तू पडलास. त्यानं हुकाच्या दांड्यानं तुझ्या खांद्यावर दोनदा मारलं. बाकीचे उभे होते. उंच माणसानं कासव उचलून पाण्यात टाकलं. तुला दोघांनी धरून खाली नेलं.

त्यानंतर तू नाहीस.

३१ मे नाहीस. १ जून नाहीस. डिस्क १४ जूनला संपते आणि त्यात कुठंही १४ नंबरचा रेनकोट नाही. पुढची डिस्क नोव्हेंबरशिवाय येत नाही. मी खुर्चीवर बसून जे पाहते आहे ते केव्हाच होऊन गेलं आहे आणि मला पुढचं पान नाही. एजंटला फोन केला, "सब ठीक है मॅडम, ठीक नहीं होता तो खबर आती." तुम्हाला कसं कळलं असं त्यानं विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? मला हे माहीत असायलाच नको.

दोन दिवस मी हिशेब करत होते. मी खरं लिहिलं तर सहा दिवसांचं 'पाणी' उघडं पडतं. तिथं 'माणसाने झाकली, नंबर १४' लिहावं लागतं. फॉर्मवरचं 'नाही' उघडं पडतं. नाही लिहिलं तर नोव्हेंबरपर्यंत कोणी त्या बोटीकडं फिरकत नाही, आणि तू खाली कुठंतरी आहेस, किंवा...

शुक्रवारी दुपारी ओमेश सरांना त्यांच्या केबिनमध्ये जाऊन ३० मे दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला. "मॅडम, ये तो बहुत बडा केस है. आजच वर पाठवू. तुमी चांगलं काम केलं."

मी म्हटलं, "सर, तो चौदा नंबर माझा भाऊ आहे. आणि आधीचं सहा दिवसांचं पाणी, पाणी नाही. त्याचा हात आहे तो."

त्यांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, "आपको मालूम है ना, ये बोलके आपने क्या किया? नोकरी तर जाईनच. पण मालकाचा वकील म्हणन, बाईच खोटी आहे, केसच खोटी आहे."

"माहीत आहे."

"तरी पाठवू?"

"बोट थांबवा सर. माझं काही का होईना. पहिले बोट थांबवा."

त्यांनी माझ्यासमोर मेल पाठवला. मग माझं ओळखपत्र मागून घेतलं आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आले.

रीनाताई

फुलचूर, २४ नोव्हेंबर २०२४

संघदीप,

तू ९ तारखेला फोनवर जे बोललास ते मी कोणाला सांगितलं नाही. बाबांना एवढंच म्हटलं की तो जिता आहे, बोट बंदरात आहे. ते उठून आत गेले आणि आईच्या फोटोपाशी उभे राहिले.

मला तुझे शब्द अजून ऐकू येतात. "तू लिहिलं?"

"हो."

"माया नंबर लिहिला? चौदा?"

"हो."

"ताई, आमी अठरा जण आहो इथं. बंदर समोर दिसते आन् बोटीवरून उतरू देत नाई. चौकशी होईपर्यंत कोणी उतरायचं नाई म्हणतात. समुद्रात होतो तं निदान काम होतं. सारे मले म्हणतात, तुया बहिणीनं आमाले बांधून ठेवलं. वकिलानं सांगितलं त्यायले. आन् तो म्हणते, काच झाकणारा गुन्हेगार हाच."

मी विचारलं, "तुला कुठं ठेवलं होतं?" तू म्हणालास, "खाली बर्फाच्या कोठीत. पायाची दोन बोटं गेली. आता कायले विचारतं?" आणि फोन ठेवलास.

२० तारखेला चौकशी झाली. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे तिघं जण पडद्यावर होते आणि एक दुभाषी बाई. मला ऑफिसातच बोलावलं होतं, माझ्याच जुन्या खुर्चीवर. मालकाचा वकील सौम्य बोलणारा माणूस आहे.

त्यानं विचारलं, "काचेवर पाणी होतं, असं तुम्ही सहा वेळा लिहिलं. तेव्हा खोटं लिहिलं की आता खोटं बोलता?"

"तेव्हा."

"भावाला वाचवायला?"

"हो."

"आज तो पुन्हा अडचणीत आहे. मग आजही त्याला वाचवायलाच बोलत नसाल कशावरून?"

त्याचं बरोबर होतं. मी तिथं तुझ्यासाठीच बसले होते. दुभाषी बाई थांबली होती. ओमेश सर भिंतीशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

मग मी म्हटलं, "माझं एक अक्षर धरू नका. माझ्या सगळ्या नोंदी फेकून द्या. ज्यांनी माझं नाव ऐकलं नाही, गोंदिया कुठं आहे ते ज्यांना माहीत नाही, अशा दोघांना वेगवेगळं बसवा आणि १९ ते ३० मे पाहायला सांगा. त्यात कोणाची बहीण कोण, ते सांगू नका. शिडीखाली कोण उभं असतं, एवढंच लिहायला सांगा."

दुभाषी बाईनं ते सांगितलं. तिघं आपसात बोलले. मधल्या म्हाताऱ्या बाईंनी वहीत काही लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

मी सकाळ-संध्याकाळ शिकवणी पुन्हा सुरू केली आहे. मधल्या वेळेत काही सुचत नाही. इतके महिने रोज तुला पाहत होते, आता दिसत नाहीस. तू कुठं बसतोस, जेवतोस का, त्या अठरा जणांत तुझ्याशी कोण बोलतं, काही कळत नाही. तुला बाहेर काढायला गेले आणि समोर किनारा दिसत असलेल्या बोटीत कोंडून ठेवलं. रागाव. पण जेव.

रीनाताई

फुलचूर, ९ मार्च २०२५

संघदीप,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. बाबा तुला घ्यायला दरेकसा स्टेशनवर येतील, त्यांच्याकडे आज संध्याकाळी तिकडं जाणाऱ्याच्या हाती पाठवते आहे. आधीच्या चिठ्ठ्या एजंटनं तुला एकदमच दिल्या, म्हणजे सहाही तू एका बैठकीत वाचल्यास. ही सातवी सावकाश वाच.

निकाल तुला तिथं सांगितला असेल, पण कोणी किती सांगितलं कोण जाणे, म्हणून लिहिते. त्या दोघांनी, एकमेकांना न भेटता, एकच लिहिलं. सहा दिवस चौदा नंबरनं काच झाकली, सहाही दिवस लाल टोपीवाला खाली उभा राहून दाखवत होता, सातव्या वेळी चौदा नंबरनं नाही म्हटलं आणि मार खाल्ला. बर्फाच्या कोठीच्या फळ्यांमागं शार्कच्या परांची पोती निघाली. एकतीसचा शिक्का गेला. कप्तान आणि लाल टोपीवाला दोघांना काढलं. तुझ्यावर ठपका नाही. रकानाही बदलला आहे म्हणे. झाकणाऱ्याच्या नंबराखाली आता, 'कोणाच्या सांगण्यावरून', असा चौकोन आहे. ओमेश सरांनी मुद्दाम घरी येऊन सांगितलं. मला मात्र हे काम पुन्हा कोणी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

फेब्रुवारीत तुझा फोन आला तेव्हा मी दारात उभी होते, आत यायचंही सुचलं नाही. तू म्हणालास, "वाचली." मग म्हणालास, "त्या दिवशी मी काच काऊन झाकली नाई, सांगू? वादळात पाच दिवस खाली पडून विचार केला. म्हटलं, हे कोणीतरी पाहून राहिलं असन. कुठीतरी. कासवाले मारताना कोणाले तरी दिसलं पाहिजे. माया मनात कोणी गोरा मानूस होता. तू नोयती."

मी म्हटलं, "मीच होते."

"मालूम आहे. तेच तं." मग तू म्हणालास, "ताई, मी सरळ दरेकश्याले जातो. बाबाजवळ राहतो. तुयाकडं इतक्यात येत नाई. तू स्टेशनवरही येऊ नको."

मी विचारलं, "अजून राग आहे?"

"राग नाई. तीन वर्षं डोक्यावर कॅमेरा होता. आईची खबर आली तेव्हा तो होता, मार खाल्ला तेव्हा होता. मले वाटे तिथं कोणी नाई, म्हणून मी तसा बसलो, तसा चाललो. आता समजलं तिथं तू होती. तू मले पाहिलं का मले तेच आठवन. काही दिवस मले कोणीच पाहू नये असं वाटते. बाबाची नजर कमी झाली आहे, त्यायचं चालते."

मी किती दिवस, असं विचारलं नाही. तू उत्तर दिलं असतंस तर मी दिवस मोजत बसले असते.

बाबांनी कालच खाट अंगणात काढून ठेवली आहे. बंद खोलीत झोप येत नाही असं तू त्यांना म्हणालास ना, म्हणून. तांदूळ भरून दिले आहेत. पायाला लावायचं मलम बाबांच्या पिशवीत आहे, डॉक्टरला विचारूनच आणलं आहे. दोन बोटं नसताना चढावर तोल जातो म्हणतात, तेव्हा पहिले काही दिवस बाबांबरोबर रुळावर जाऊ नको, बोगद्याकडची खडी सरकते.

तुझी गाडी आज साडेदहाला गोंदियात लागेल आणि दरेकश्याची लोकल अकरा पाचला सुटेल. मधली पस्तीस मिनिटं तू फलाटावर असशील. फुलचूरवरून स्टेशन ऑटोनं वीस मिनिटं.

मी घरातच आहे. दार लावून घेतलं आहे.

रीना